वाकड्या कापलेल्या कार्डांची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकेत सिगारेटचं पाकीट उघडलं, की आतून बरेचदा एक रंगीत कार्ड निघायचं. पुढे बेसबॉल खेळाडूचं चित्र, मागे पीडमाँट, स्वीट कॅपोरल अशा एखाद्या सिगारेटची जाहिरात. रुंदी जेमतेम दीड इंच. अमेरिकन टोबॅको कंपनीची ही कार्डं न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीने छापली. संग्राहक या मालिकेला टी-२०६ म्हणतात. तिच्यात पाचशेहून जास्त वेगवेगळी चित्रं आहेत.

एवढुशी कार्डं कुणी सुटी छापत नाही. मोठ्या तावावर रांगांनी छापायची आणि मग कापायची. पण तावावर कोण कुणाशेजारी होता? न कापलेला पूर्ण ताव काही हाती लागलेला नाही. मग माग काढायचा तो छापखान्यातल्या चुकांवरून, आणि खरी गंमत इथेच आहे.

खेळाडूचं नाव कार्डाच्या खालच्या कडेला असतं. कापताना ताव जरा सरकला, की वरच्या कार्डावरचं नाव खालच्याच्या डोक्यावर येऊन बसतं. अशा अनेक कार्डांवर वर आणि खाली नाव एकच! म्हणजे एकाच खेळाडूची चित्रं एकाखाली एक लावलेली होती. क्वचित दोन वेगळी नावं दिसतात. तिथे वर एक खेळाडू होता, खाली दुसरा.

पाठीमागची बाजू तर याहून बोलकी. पीडमाँटच्या काही पाठींवर बारीक चरे उमटलेत. छपाईच्या पृष्ठावरच ओरखडा पडला असणार. चरा एका कार्डाच्या कडेला तुटतो आणि भलत्याच खेळाडूच्या कार्डामागे पुढे चालू होतो. हौशी मंडळी कार्डं पालथी घालून चऱ्याला चरा जुळवत बसतात. ज्या कार्डाला बाजारात डागी म्हणून भाव कमी, तेच इथे कामाचं.

पाच कार्डांची एक सलग पट्टी मात्र टिकली आहे. तीत प्रसिद्ध होनस वॅग्नर आहे, साय यंगही आहे. पण ती चाचणीची छपाई. विक्रीचे तावही त्याच क्रमाने लावले होते, असं तिच्यावरून ठरवणं मला घाईचं वाटतं.

वॅग्नरचंच एक कार्ड अतिशय देखणं म्हणून गाजलं, लाखो डॉलरना विकलं गेलं. २०१३ मध्ये लिलावाच्या धंद्यातल्या बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं, की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. त्या कडांवर शेजारच्या कार्डाची एखादी रेघ असलीच, तर तीही त्यात गेली.