लाइन किती मोठी, त्याआधी ती कुठून येते?

(कोल्हापूरजवळ शिरोली इथे फाउंड्रीचालकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण भेटले की एकच विचारतात: ‘ईआरपी, म्हणजे कारखान्याचं सगळं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर, मुंबईच्या क्लाउडवर, म्हणजे तिथल्या भाड्याच्या सर्व्हरवर, टाकलाय; किती एमबीपीएसची इंटरनेट लाइन घेऊ?’ मी उलट विचारतो, लाइन दोन तास गेली तर तुमच्याकडे काय थांबतं? भट्टी थांबत नाही. हिशेब संध्याकाळी भरता येतो. पण गेटवर कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, भरलेला ट्रक उभा असतो. त्याचं इनव्हॉइस आणि ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यावर नेण्याचं कागदपत्र, ईआरपीमधूनच निघतं. तो हलत नाही. निवडीची सुरुवात त्या ट्रकपासून करा.

आता मार्ग. सगळ्यात सोपा म्हणजे साध्या इंटरनेटवरून व्हीपीएन: तुमच्या फायरवॉलपासून, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या राखणदारापासून, क्लाउडमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कपर्यंत आयपीसेक या कुलूप लावणाऱ्या पद्धतीचा टनेल. माल सार्वजनिक रस्त्यानंच जातो, पण कुलूप लावून. ॲमेझॉनच्या क्लाउडकडे अशा एका जोडणीत दोन टनेल मिळतात, नेहमीच्या प्रकारात प्रत्येकी १.२५ जीबीपीएसपर्यंत. उभारायला फार वेळ लागत नाही. अडचण वाटेतल्या गर्दीची, ती आपल्या हातात नसते. दुसरा मार्ग खासगी जोडणीचा: ॲमेझॉनचं डायरेक्ट कनेक्ट, मायक्रोसॉफ्टचं एक्स्प्रेसरूट, गूगलचं इंटरकनेक्ट. भागीदार कंपनीमार्फत घेतलीत तर ५० एमबीपीएसपासून मिळते. स्वतःचा अख्खा पोर्ट घेणं हा बँकांचा आणि मोठ्या उद्योगांचा विषय, तो आज सोडू.

एक गैरसमज मात्र मला आज काढायचाच आहे. खासगी लाइन म्हणजे कुलूपबंद लाइन नव्हे. तिच्यावरून जाणारा डेटा आपोआप एन्क्रिप्ट होत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. आणि ती घेतली म्हणून मुंबई जवळ येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई चारशे किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन चार मिलिसेकंद लागणारच. खासगी लाइनवर मिळतं ते सातत्य: सकाळी अकराला जसं चालतं, तसंच रात्री अकराला. वेगाचा प्रश्न खरा येतो बॅकअपला. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसवरून पाठवायला २२ तास लागतात. हे गणित आधी करा.

आता मूळ मुद्दा. एका कारखान्यानं दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या. एके दुपारी दोन्ही एकदम गेल्या. मी तिथंच होतो. ओटीडीआर, म्हणजे फायबर किती अंतरावर तुटलं ते दाखवणारं यंत्र, लावला, तुटल्याचं अंतर कळलं, आणि आम्ही मोटरसायकलवरून शोधत निघालो. एका मोरीजवळ पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबीनं चर मारली होती. मातीत दोन प्लॅस्टिकचे पाइप उघडे पडले होते, शेजारी-शेजारी, वीतभर अंतरावर. दोन बिलं, दोन करार आणि जमिनीखाली एकच चर! कारखान्याच्या गेटवर तोवर चार ट्रक थांबले होते. न विचारता केलेल्या खोदकामानं देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारनंच सांगितलं आहे. मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप काढलं ते त्यासाठीच.

म्हणून लाइन घेताना दरपत्रकाबरोबर रूट मॅप मागा. केएमझेड ही नकाशाची फाइल देतात, ती गूगल अर्थवर उघडते. दोन्ही रेषा एकावर एक टाका. पूल, मोरी, महामार्गाची कड, जिथं त्या एकत्र येतात तिथं बोट ठेवून विचारा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथं महामार्गावर पाणी होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुसरं फायबर वेगळ्या वाटेनं येतच नसेल, तर फोरजी-फाइव्हजी राउटरवरून व्हीपीएन ठेवा. ई-वे बिलाला तेवढं पुरतं. फक्त त्या टॉवरला जाणारं फायबर कुठून येतं, तेही विचारा.

तुमच्या आकाराच्या कारखान्याला मी व्हीपीएनच सांगेन, दोन वेगळ्या वाटांनी. तीन महिने लाइनची नोंद ठेवा. गर्दीमुळे काम खरंच अडतं असं दिसलं तरच खासगी जोडणी घ्या, आणि तेव्हाही व्हीपीएन काढू नका.

व्हीपीएनवर एक तक्रार हमखास येते: पिंग, म्हणजे लाइन तपासायचा छोटा संदेश, जातं, लॉगिन होतं, पण मोठं ड्रॉइंग उघडताना चक्र फिरतच राहतं. लोक लाइन वाढवून घेतात. दोष लाइनचा नसतो. डेटा पॅकेटांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत, जातो; १५०० बाइटच्या पॅकेटला आयपीसेकचं वेष्टण चढलं की ते टनेलमध्ये मावत नाही आणि वाटेत गळतं. फायरवॉलवर टीसीपी एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये किती डेटा भरायचा ती मर्यादा, १३५० बाइटच्या आसपास आणून बघा.

आणि जोडणी झाली की साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्वतः रॅकपुढे उभं राहून मुख्य लाइनची वायर काढा. घड्याळ लावा. वाट आपोआप बदलणारं बीजीपी नुसतं असेल तर दुसऱ्या लाइनवर जायला दीड-तीन मिनिटं लागू शकतात, लाइन जिवंत आहे का ते सतत तपासणारं बीएफडी चालू असेल तर लाइन गेल्याचं सेकंदाच्या आत कळतं. गेटवरच्या माणसाला एक चाचणी इनव्हॉइस काढायला सांगा. ते छापून बाहेर येईपर्यंत वायर परत लावू नका.