‘घरी तर सगळं करतो!’ म्हणणाऱ्या आईबाबांशी बोलताना

(बालवाडी शिक्षक, नर्स आणि तरुण बालरोगतज्ज्ञ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या प्रत्येकावर ही वेळ येते. समोर दोन-अडीच वर्षांचं मूल असतं. वयाच्या मानाने ते मागे पडतंय हे तुम्हाला दिसत असतं. तुम्ही विषय काढता आणि आई म्हणते, “छे हो, घरी तर सगळं करतो. नवीन माणसं दिसली की गप्प होतो.” बाबा म्हणतात, “मीही उशिराच बोलायला लागलो होतो.”

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आईबाबांकडून ‘हो, आमचं मूल मागे आहे’ असं वदवून घेणं हे आपलं काम नाही. मुलाची तपासणी आणि मदत वेळेत सुरू व्हावी, हे आपलं काम आहे. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि तिथेच बोलणं फिसकटतं. मनात शंका ठेवूनही आईबाबा कान तपासून घेऊ शकतात, स्पीच थेरपिस्टला भेटू शकतात. मग आधी शंका सोडा, असा हट्ट आपण का धरायचा?

शिवाय ही शंका हवेतून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय त्यात साधारण 8 महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. काही मुलं तर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. ‘प्रत्येक मूल आपल्या वेळेने शिकतं’ असं आजी म्हणते तेव्हा तिच्या गाठीशी खरा अनुभव असतो. तो खोडून काढायला जाऊ नका. ‘बरोबर आहे, मुलांमुलांत खूप फरक असतो,’ असं मनापासून म्हणा, आणि मग या एका मुलाकडे वळा.

वळायचं कसं? प्रश्न विचारून. ‘बोलतो का?’ असा प्रश्न कामाचा नाही, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. त्यापेक्षा विचारा, पाणी हवं असेल तर तो काय करतो? तुमचा हात धरून ओढत नेतो, बोट दाखवतो, की नुसता रडतो? आकाशात विमान दिसलं तर तुम्हाला दाखवतो का? ‘सगळं कळतं त्याला’ असं उत्तर आलं तर विचारा, हात न दाखवता, नजरेने न खुणावता ‘चेंडू आण’ म्हटलं तर आणतो का? अनेक आया इथे थबकतात. ‘तसं कधी करून पाहिलं नाही,’ म्हणतात. हे वाक्य फार मोलाचं आहे. आता त्या तुमच्याबरोबर बघायला लागलेल्या असतात.

मी साबणाचे फुगे जवळ ठेवते. दोन-चार फुगे सोडायचे आणि बाटली बंद करून थांबायचं. या वयाचं मूल बहुधा फुग्याकडे बघतं, मग वळून आईकडे बघतं, ‘तू पाहिलंस का?’ अशा नजरेने. मग बाटली माझ्याकडे सरकवतं, आणखी हवेत म्हणून. एखादं मूल फुगा हातावर फुटेपर्यंत टक लावून बघतं, पण वळत नाही. मी काहीच बोलत नाही. आईलाच विचारते, “तुम्हाला काय दिसलं?” बऱ्याचदा उत्तर बाबांकडून येतं, हळू आवाजात. एकदा असं बघून कोणताही निष्कर्ष काढायचा नसतो. पण आता आपण तिघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतो.

बालवाडीतल्या ताईंना एक विनंती. तुम्ही जे पाहिलं तेच सांगा, आजाराचं नाव घेऊ नका. ‘गोष्टीच्या वेळी हाक मारली तरी तो बघत नाही, घरी कसं असतं?’ एवढं पुरे. ‘मला ऑटिझम वाटतो’ हे वाक्य कानावर पडलं की त्यापुढचं काहीही ऐकू जात नाही. निदान करणं हे तज्ज्ञांचं काम, आणि तेही नीट तपासणीनंतरचं. डॉक्टरांनी प्रश्नावलीबद्दलही हे स्पष्ट सांगावं. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी वापरतात. तिच्यात धोका दिसला याचा अर्थ ऑटिझम आहे असा होत नाही, पुढची तपासणी हवी एवढाच होतो.

आता ‘थोडं थांबून बघू’बद्दल. इथे मात्र मी कडक आहे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्थेने, 2022 मध्ये आपले विकासाचे टप्पे बदलले. पूर्वी साधारण निम्मी मुलं ज्या वयात एखादी गोष्ट करतात ते वय धरलं जाई. आता किमान 75 टक्के मुलं ती करतात ते वय धरलं जातं. टप्पा चुकला तर ‘थांबू या’ म्हणायला जागा राहू नये, हा त्यामागचा एक हेतू. बारा महिन्यांना बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना स्वतःहून दोन शब्द जोडणं नाही. यातलं काही दिसलं की लगेच पाठवा. आणि येत असलेले शब्द किंवा खेळ मूल विसरलं, तर वय कोणतंही असो, एक आठवडाही घालवू नका. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून, म्हणजे जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा, नाहीतर विनाकारण घाबरवाल.

बोलणं उशिरा असेल तर पहिली पायरी कानाची तपासणी. आईबाबांना ही पायरी सहसा जड जात नाही, आणि तिथून वाट मोकळी होते.

आईच्या मनात एक प्रश्न असतोच, ती तो विचारो वा न विचारो: माझं काही चुकलं का? तिने विचारायची वाट बघू नका. घरात दोन भाषा बोलल्याने विकास मागे पडत नाही. आई नोकरी करते म्हणून पडत नाही. लशींमुळे ऑटिझम होत नाही. हे तिला बाबांसमोर आणि आजीसमोर सांगा, कारण दोष तिच्यावर तिथेच येतो. त्याच कारणाने शक्यतो दोघांना एकत्र बोलवा. एकट्या आईला सगळं सांगून घरी पाठवलं, तर घरच्यांच्या प्रश्नांना तिनेच तोंड द्यायचं. जे सांगायला आपल्याला जड गेलं ते तिने एकटीने कसं पेलावं?

‘बोलेल ना हो तो?’ हा प्रश्न आला की ‘काळजी करू नका’ असं म्हणू नका. काळजी तर त्यांना आहेच, आणि या उत्तराने ती त्यांना एकट्याने करावी लागते. जे आज सांगता येत नाही ते सांगता येत नाही असंच म्हणा, आणि तीन महिन्यांत आपण काय काय बघणार आहोत ते नेमकं सांगा.

आणि एवढं करूनही ते ‘नको’ म्हणाले तर? दार बंद करू नका. काय पाहिलं ते साध्या भाषेत कागदावर लिहून द्या. घरी बघायला एकच गोष्ट द्या, उदाहरणार्थ, हाकेला वळतो का. चार-सहा आठवड्यांनंतरची तारीख ठरवूनच उठा. त्या तारखेला आले नाहीत तर फोन तुम्ही करा. आणि आले, की ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नका. ‘मधल्या काळात काय नवीन दिसलं?’ असं विचारा आणि कानाच्या तपासणीची चिठ्ठी त्याच वेळी लिहून द्या.