उसुकीचं मस्तक

हा चेहरा नीट बघा. बारीक, कमानदार भुवया. अर्धवट मिटलेले डोळे. भरलेले गाल. आता नजर जरा खाली आणा, मानेपाशी. इथे सांधा आहे.

हा दाइनिची न्योराई, म्हणजे आपला महावैरोचन बुद्ध. जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतातल्या उसुकी इथे डोंगरकड्यात कोरलेला. एकटा नाही. चार ठिकाणी मिळून साठेक मूर्ती आहेत, बहुतेक बाराव्या-तेराव्या शतकातल्या. कोणी कोरल्या, ते लिहून ठेवलेलं नाही. गोष्ट मात्र सांगतात: कोळशाच्या भट्ट्या लावणारा एक जण गडगंज श्रीमंत झाला, त्याची लेक गेली आणि तिच्यासाठी त्याने हे बुद्ध घडवून घेतले.

जपानी मूर्तिकार तसा लाकडात रमणारा. मग इथे दगड का? कारण हा दगड छिन्नीला फार आढेवेढे घेत नाही. सुमारे ९० हजार वर्षांपूर्वी आसो ज्वालामुखीतून धगधगती राख वाहत आली, साचली, घट्ट झाली, तिचा हा खडक. वेरूळचा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्हाचा, टणक. इथल्या मऊ दगडात मूर्ती इतक्या उठावदार निघाल्या की कड्यातून सुटून पुढे येऊन बसल्यासारख्या वाटतात.

आणि याच मऊपणाने घात केला. दगडात पाणी मुरतं, थंडीत गोठून फुगतं, पापुद्रे सुटतात. म्हणून इथे कित्येक बुद्धांचे चेहरे शाबूत, पण मांड्या-गुडघे पार झिजलेले.

दाइनिचीचं तर मस्तकच निखळलं. आपल्याकडे मूर्ती खंडित झाली की पूजेतून काढून पाण्यात सोडतात. इथे ते मस्तक वर्षानुवर्षं धडासमोरच ठेवलेलं होतं. फोटोंमधून लोकांना तेच रूप ओळखीचं झालं, इतकं की डागडुजीच्या वेळी ‘आहे तसंच राहू द्या’ म्हणणारेही निघाले. शेवटी १९९३ मध्ये मस्तक पुन्हा धडावर बसवलं. १९९५ मध्ये इथल्या ५९ मूर्ती राष्ट्रीय ठेवा ठरल्या. कड्यात कोरलेल्या बुद्धांना हा मान जपानमध्ये पहिल्यांदाच मिळाला.

जपानीत मान आणि मस्तक, दोन्हींना ‘कुबी’ म्हणतात. नोकरी गेली की ‘कुबी झाली’, वाचली तर ‘कुबी जोडलेली राहिली’. दाइनिचीचं मस्तक पुन्हा जोडलं गेलं, तेव्हापासून नोकरीची धास्ती असलेली माणसंही इथे हात जोडायला येतात.