सलाइनची नळी मी का सोडली

(घरगुती मत्स्यालयाची हौस असणाऱ्यांच्या मेळाव्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी ही नळी बघा. दवाखान्यात सलाइन लावतात, तीच. मेडिकलमध्ये मिळते. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी ही असते, आणि आलेला पाहुणा हळूच विचारतो, "घरात कोणाला बरं नाही का?" नवा मासा आणला की तो पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत ओतायचा, टाकीतून या नळीने थेंब थेंब पाणी सोडायचं, चाक फिरवून वेग सांभाळायचा आणि दोन-तीन तासांनी मासा टाकीत. मी अनेक वर्षं हेच करत आलो, आणि दुसऱ्यांना शिकवलंही.

यामागचा विचार चुकीचा नाही. समुद्रातल्या माशाचं रक्त समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश खारट असतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, तसं या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणून तो दिवसभर समुद्र पीत राहतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. आता आपली टाकी असते १.०२५ घनतेला, आणि दुकानदार पाणी बऱ्याचदा १.०१८ ते १.०२० वर ठेवतो. त्यात मीठही वाचतं आणि परजीवीही जरा दबून राहतात. कमी खारटातून एकदम जास्त खारटात गेलेल्या माशाला ते फार जड जातं. उलटा बदल तो त्या मानाने सोसतो.

घोटाळा होतो पिशवीत. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी कल्ल्यांतून अमोनिया सुटत असतो, पण उतरलेल्या पीएचला तो बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्याचा त्रास कमी होतो. आपण पिशवी उघडतो. वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया व्हायला लागतो. वर आपण त्यात ८.२ पीएचचं टाकीतलं पाणी थेंब थेंब घालत बसतो! कुर्ल्याहून ठाण्याला तासाभरात आणलेल्या माशाचं यात फारसं बिघडत नाही. पण रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीतला मासा या दोन-तीन तासांत कल्ले भाजून घेतो. आणि आपण म्हणतो, "बघा, किती हळूहळू सोडलं, तरी गेला."

माझं डोकं ठिकाणावर आलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. मी एक पावडर ब्लू टँग आणला होता. आपल्याच हिंदी महासागरातला मासा. आकाशी अंग, पिवळी पाठ, आणि रोगाला आमंत्रण देण्यात पहिला. नळीने तीन तास पाणी जुळवलं आणि थेट मोठ्या टाकीत सोडला. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या परांवर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके. तो दगडाला अंग घासत होता. दोन आठवड्यांत तो गेला, आणि त्याच्याबरोबर पाच वर्षं सांभाळलेली क्लाउन माशांची जोडीसुद्धा.

हा क्रिप्टोकॅरिऑन, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा परजीवी. आपण पाहतो तो ठिपका माशाच्या अंगावर काही दिवसच असतो, मग गळून वाळूत किंवा दगडावर कवच करून बसतो. ठिपके गेले, मासा बरा झाला, असं वाटतं. कवच फुटलं की शेकडो पिल्लं मासा शोधत सुटतात, आणि मासा मिळाला नाही तर दिवस-दोन दिवसांत मरतात. म्हणून उरलेले मासे बाहेर काढून मला मोठी टाकी ७६ दिवस रिकामी ठेवावी लागली. हौशी लोकांत हाच आकडा रूढ आहे. अडीच महिने नुसते दगड बघत बसलो. घरच्यांनी काय काय ऐकवलं ते इथे सांगत नाही.

तेव्हापासून पद्धत बदलली. आता पाणी मी माशासाठी जुळवतो. दुकानदाराला दोन गोष्टी सांगायच्या: पाणी कितीवर आहे ते दाखव, आणि मासा माझ्यासमोर खाताना दाखव. दुसरीला नाही म्हणाला तर मी रिकाम्या हाताने परत येतो. त्याच आकड्याचं पाणी घरी वेगळ्या छोट्या टाकीत तयार ठेवायचं. आकडा रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाने खारटपणा मोजणाऱ्या दुर्बिणीसारख्या नळीत बघा. काट्याच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो. या टाकीत वाळू नको, दगड नको. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो. स्पंज फिल्टर मात्र आधी महिनाभर मोठ्या टाकीच्या संपमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) मुरवलेला हवा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसतात, नाहीतर इथेही अमोनिया आहेच.

पिशवी वीस मिनिटं तरंगू द्यायची, तापमान सारखं झालं की कापायची आणि मासा हलकेच पलीकडे. पिशवीचं पाणी मोरीत. मग चार-पाच दिवसांत मीठ चढवत न्यायचं. पुढे निदान महिनाभर मुक्काम. ठिपके दिसले तर तांब्याचं औषध इथेच, आणि किटने रोज मोजून. मोठ्या टाकीत ते औषध कधीही नाही. कोळंबी-गोगलगायी त्याने मरतात, दगड तांबं शोषून घेतात.

नळी अजून आहे बरं का. क्लीनर श्रिंप आणला की काढतो. कोळंबीला खारटपणातला फरक माशापेक्षाही कमी सोसतो.

आता जाता जाता प्रवाळ आणि समुद्रघोड्यांबद्दल. वन्यजीव कायद्याने त्यांना २००१ सालापासून संरक्षण आहे. कोणी "साहेब, खास तुमच्यासाठी" म्हणून आपल्या समुद्रातले दाखवले तर तिथून निघा. क्लाउन घ्यायचा तर पैदास केलेला घ्या. अगदी जवळ, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातसुद्धा क्लाउनची पैदास झालेली आहे. असा मासा पहिल्या दिवसापासून गोळीखाद्य खातो.

महिना संपला तरी एक काम उरतं: जुन्या भाडेकरूंची समजूत. माझ्या टाकीत एक डॅमसेल मासा आहे, बोटाएवढा, पण सगळी टाकी त्याच्या नावावर. नव्या माशाला भोकं पाडलेल्या अॅक्रिलिकच्या डब्यात घालून मी तो डबा टाकीत अडकवतो. पहिल्या दिवशी डॅमसेल डब्याला धडका देतो. दुसऱ्या दिवशी येता-जाता एखादी. तिसऱ्या दिवशी त्याचं लक्ष पुन्हा खाण्याकडे. मग दोन-चार दगड इकडचे तिकडे करायचे, म्हणजे त्याच्याही हद्दी पुसल्या जातात, आणि रात्री दिवे बंद करून डब्याचं झाकण काढायचं.