बुरसटलेली पेंड आणि घरातलं दूध

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

गेल्या श्रावणात एका गोठ्यावर गेले होते. गाय वैरणीला तोंड लावत नव्हती, दूध निम्म्यावर आलेलं. अंगात ताप नाही, कास मऊ. म्हटलं, "मावशी, पेंड दाखवा." पोत्यात हात घातला तर तळाशी ऊब लागली. ढेकूळ फोडलं तर आत हिरवट-पिवळी भुकटी आणि कुबट वास. मावशी म्हणाल्या, "पाणी लागलं होतं, पण उन्हात वाळवली की. माणसांना कुठं खायचीय?"

मंडळी, ती पेंड माणसांच्याच पोटात जाते. कशी, ते सांगते.

शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मक्याचा भरडा यांना ओल लागली की बुरशी धरते, आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीचा माग काढताना हे विष सापडलं. ऊन दाखवल्यानं बुरशी वाळते, विष तसंच राहतं. गाईच्या यकृतात त्याचं रूप पालटतं आणि एक-दोन दिवसांत ते धारेत उतरतं. दूध कितीही उकळा, ते जात नाही. हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं, आणि घरात दूध सर्वांत जास्त पितात ती लेकरं.

आपल्या देशात एक किलो दुधात याची मर्यादा आहे ०.५ मायक्रोग्रॅम. २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. भेसळीमुळे घातक ठरलेले निघाले १२. अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ओलांडलेले निघाले ३६८. आपण भेसळीच्या बातम्यांनी हादरतो, आणि गोठ्यातल्या पोत्याकडे बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जनावराचंही नुकसान होतंच. यकृत बिघडतं, अंगातली प्रतिकारशक्ती खचते. मग लाळ्या-खुरकुताची लस टोचूनही तिचा गुण पुरेसा येत नाही.

दिलासा एवढाच की खराब खाद्य थांबवलं की साधारण तीन-चार दिवसांत दूध निवळतं. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात पंधरवड्यापुरतीच पेंड आणा. घेताना पोतं उघडून वास घ्या. दुकानदार कुरकुरला तरी घ्याच.

औषधांचंही तसंच. दगडी, म्हणजे कासेला सूज, झाली की सडात प्रतिजैविकाची नळी सोडतात. त्यानंतर किती दिवस दूध घालायचं नाही, हे वेष्टनावर लिहिलेलं असतं, आणि ते औषधागणिक वेगळं असतं. ते दिवस भरेपर्यंतचं दूध डेअरीला नको, घरातही नको. अशा दुधाला कधी कधी विरजणही धड लागत नाही, हे आयाबहिणींनी पाहिलं असेल.

मावशींनी ते पोतं उचललं आणि उकिरड्याकडे निघाल्या. मी थांबवलं, कारण कोंबड्या तिथंच चिवडत होत्या. मग त्यांच्या मुलानं बांधाकडेला, विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा घेतला आणि सगळी पेंड पुरली.

नमस्कार.