इंदूरच्या डोक्यावरचा प्लाझ्मा आणि वरचा वारा

इंदूर, दुपारचे अडीच. राजवाड्यासमोर ऊन मी म्हणतंय, आणि ह्याच सुमाराला आपल्या वर तीनेकशे किलोमीटरवर, आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे उन्हानं अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात त्या हवेच्या थरात, इलेक्ट्रॉनची मोठी दाटी झालेली असते, बऱ्याचदा केरळच्या वर असते त्याहूनही जास्त. पण सूर्य तर वर्षातला बराच काळ तिकडे जास्त डोक्यावर, मग दाटी इकडे का?

कारण ती तिकडूनच येते. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे जमिनीला समांतर असतात ती रेघ, आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, तिथे दिवसा प्लाझ्मा, म्हणजे हे सुटे इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेले आयन, सेकंदाला २०-३० मीटर वेगानं वर चढतो आणि मग पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून दोन्ही बाजूंना उतरतो. उत्तरेला उतरतो तो अहमदाबाद, वडोदरा, इंदूर, भोपाळ ह्या पट्ट्यात. ह्याला फाउंटन इफेक्ट म्हणतात.

वर चढवतं कोण? वारा! मला ह्यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हवा अगदी विरळ, पण वारा कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो, तो आयनांना धक्के देत सोबत ओढतो, इलेक्ट्रॉन मात्र चुंबकीय रेषांना धरून बसतात, दोघांची फारकत झाली की विद्युत क्षेत्र तयार होतं, म्हणजे सायकलच्या डायनॅमोत चाक करतं ते काम इथे वारा करतो, आणि त्या क्षेत्राच्या जोरावर प्लाझ्मा वर जातो.

आणि हा वारा बराचसा खालच्याच हवामानाचा. ऊन ओझोन आणि बाष्प तापवतं, विषुववृत्ताजवळच्या पावसाळी ढगांतून उष्णता सुटते, त्यातून लाटा उठतात आणि वर जाता जाता मोठ्या होत जातात. खाली रोज वेगळं, म्हणून वर रोज वेगळं, सूर्य तोच असला तरी काल इंदूरवर होती तेवढी दाटी आज नसते. कधीकधी तर त्या विद्युत क्षेत्रानं चुंबकीय विषुववृत्तावर वाहणारा विजेचा प्रवाह भर दिवसा उलटा वाहतो, मग फाउंटन ढेपाळतो. हे जमिनीवरून कळतं कसं, तर त्या प्रवाहाखालच्या तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून त्यापासून लांब असलेल्या आपल्या अलिबागची नोंद वजा करून!

२१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं ते ह्याच वाऱ्यासाठी. वर सोडियमची वाफ सोडली, संध्याकाळच्या आकाशात नारिंगी ढग दिसला, तो कुठे सरकतो त्यावरून वारा मोजायचा. विक्रम साराभाईंनी सुरुवातच इथून केली बघा. पुढे २०१९ मध्ये नासाचं आयकॉन यान गेलं, त्यानं वारा आणि प्लाझ्माचा वेग एकाच चुंबकीय रेषेवर मोजला, आणि वारा बदलला की प्लाझ्माची चाल बदलते हे थेट दिसलं.

जीपीएसचे सिग्नल ह्याच दाटीतून खाली येतात, जितकी दाटी तितका उशीर. म्हणून विमानांसाठी जीपीएसची चूक दुरुस्त करणारी गगन यंत्रणा उभारताना भारतासाठी आयनोस्फिअरचं वेगळं मॉडेल बनवावं लागलं.