‘इर’ : स्पॅनिशमधले ‘जाणे’

सालामान्का शहरात स्पॅनिश शिकत असताना मी ज्या आजींच्या घरी राहत होतो, त्यांनी पहिल्याच रात्री स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली आणि मी सवयीने ‘बेंगो’, म्हणजे ‘येतो’, असे उत्तर दिले. आजी हसल्या. तिथे अशा वेळी ‘या बोय’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘आत्ता जातो’. मराठी कानाला हे विचित्र वाटते, कारण ‘आलो, आलो’ म्हणताना आपण मनाने हाक मारणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहतो. स्पॅनिश बोलणारा स्वतःची जागा सोडत नाही. तो जिथे आहे तिकडे येणे ते ‘बेनीर’, आणि तिथून इतरत्र कुठेही, अगदी ऐकणाऱ्याच्या दारातसुद्धा, जाणे ते ‘इर’. म्हणून फोनवर ‘उद्या तुझ्याकडे येतो’ असे सांगायचे असेल, तर ‘मान्याना बोय आ तु कासा’ असेच म्हणावे लागते. शेजारच्या कातालान भाषेत मात्र आपल्यासारखेच ‘येतो’ म्हणतात, एवढा दिलासा आहे.

या क्रियापदाची रूपे पाठ करताना विद्यार्थी कुरकुरतात. मूळ शब्द ‘इर’, पण वर्तमानकाळात बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान (लिहिताना ‘व्ही’, उच्चारताना ‘ब’), अपूर्ण भूतकाळात ‘इबा’ आणि साध्या भूतकाळात ‘फुई’. याचे कारण असे की लॅटिनमधली तीन वेगळी क्रियापदे इथे एका संसारात नांदत आहेत, आणि त्यांतले ‘फुई’ तर ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाकडून आले आहे. त्यामुळे ‘मी गेलो’ आणि ‘मी होतो’ या दोन्हींना एकच शब्द: ‘फुई आ तोलेदो’ म्हणजे तोलेदोला गेलो, ‘फुई प्रोफेसोर’ म्हणजे शिक्षक होतो. वाक्यात ‘आ’ आणि ठिकाण दिसले की गोंधळ सहसा मिटतो. तरीही कोणी फार तक्रार करू लागला, तर मी त्याला ‘जातो’ आणि ‘गेलो’ ही आपली रूपे शेजारीशेजारी लिहायला लावतो. एक संस्कृत ‘या’ धातूपासून आले, दुसरे ‘गत’पासून, आपल्याला ते कधी खटकले नाही, इतकेच.

पुढची पायरी भविष्यकाळाची. ‘बोय आ कोमेर’ हे ऐकून आपल्याला वाटते, माणूस जेवायला निघाला. तो निघालेला असेलही. पण पुष्कळदा तो खुर्चीवरून हललेलाही नसतो आणि ‘जेवणार आहे’ एवढेच सांगत असतो. ‘बा आ योबेर’ म्हणजे पाऊस पडणार आहे. इथे तर जाणारे कोणीच नाही. ही रचना सोपी असल्यामुळे नवशिके सगळे भविष्य तिच्यावरच भागवतात, आणि रोजच्या बोलण्यात ते बहुतेक भागतेही.

मराठी माणसाचा खरा फायदा होतो तो ‘बोय एन्तेन्दिएन्दो’ यासारख्या प्रयोगात. इंग्रजीच्या वाटेने आलेला विद्यार्थी इथे अडखळतो. आपण मात्र ‘समजत चालले आहे’ म्हणतो आणि काम होते. हळूहळू, थोडेथोडे पुढे सरकणारी क्रिया दाखवायला दोन्ही भाषांनी चालण्या-जाण्याचेच क्रियापद निवडले आहे.

निरोपाच्या वेळी मात्र माझी जीभ बरेच दिवस अडली. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, हे लहानपणी इतके बिंबवलेले होते की ‘मे बोय’, म्हणजे ‘जातो’, हे तोंडातून निघेना. मग मी ‘आओरा बेंगो’ म्हणू लागलो. त्याचा अर्थ ‘आलोच परत’ असा होतो, आणि तो तिथे शब्दशः घेतात. मी संध्याकाळपर्यंतच्या वर्गांसाठी निघालेलो असे, आणि आजी दाराची कडी न लावता माझी कॉफी ओतून ठेवत.